कॅप्टनच्या पाठीवर

३ नोव्हेंबर

भूमिका मिळाली.

आज दुपारी दो-ह्यन स्वतः दुकानात आला. ऐन गर्दीची वेळ. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला, नूडल्सचा वाडगा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि तोंड पुसत म्हणाला, "दादा, केस कापून घ्या. अग्निशमन दलात एवढी झुलपं चालत नाहीत."

मला समजायला एक क्षण लागला. बायकोला, उन-सिलला, लगेच समजलं. ती शेगडीकडे तोंड करून उभी राहिली ती बराच वेळ वळलीच नाही.

सिनेमा मोठा आहे. सोलमधला एक उंच टॉवर, वर्षअखेरची मेजवानी, बासष्टाव्या मजल्यावर आग. मी आग विझवणाऱ्या तुकडीचा कॅप्टन. नायक दुसराच, तरुण आणि देखणा. पण शेवटी मरतो तो कॅप्टन, म्हणजे प्रेक्षक आठवणीत घेऊन जाणार तो मलाच. गेली कित्येक वर्षं माझ्यासमोर कॅमेरा नाही. आवाज तेवढा खपतो. लिफ्टमधला, बँकेच्या फोनवरचा. उरलेला वेळ मांगवोन बाजारात बायकोच्या दुकानात कणीक लाटतो. गिऱ्हाइकं 'याला कुठं बरं पाहिलंय' अशा नजरेने बघतात आणि मग किमची वाढा म्हणतात.

मोक दो-ह्यन हा माझा नाटक कंपनीतला धाकटा. तेव्हा तो पडदे ओढायचा, आता दिग्दर्शक आहे. मागचे दोन सिनेमे आपटले. हाही आपटला तर त्याला पुन्हा कोणी उभं करणार नाही, असं पेपरवाले लिहितात. तो स्वतः तसलं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, की कॅप्टनच्या मनातलं रोज लिहीत जा, भूमिका अंगात मुरते. म्हणून लिहायला बसलो. कॅप्टनच्या नावाने दोन ओळी झाल्या आणि तिसरीत मीच आलो. राहू दे तसंच.

११ नोव्हेंबर

गिलसाहेबांकडे शिकायला जातोय. निवृत्त अग्निशमन अधिकारी. कंपनीने त्यांना सल्लागार नेमलंय. मोठं पोट, त्याहून मोठं हसू. माझ्या जुन्या मालिकेतला तुरुंगाधिकारी त्यांना तोंडपाठ आहे. बायकोला बाहेर बोलावून त्यांनी तो संवाद माझ्याकडून म्हणवून घेतला, मग तिच्यासमोर स्वतः म्हणून दाखवला. त्यांचाच बरा झाला.

धुरात उभं राहायचं नाही, रांगायचं. दाराला तळहात लावायचा नाही, हाताची मागची बाजू लावायची. हे सगळं त्यांनी अंगणात मला रांगायला लावून शिकवलं. शेजारची बाई गॅलरीतून बघत होती.

मी विचारलं, आत शिरताना भीती वाटायची का. म्हणाले, "वाटायची की. मी आत गेलो की आधी मागे वळून दार बघायचो. दार दिसलं की पाय चालायचे."

वाक्य भूमिकेत घालण्यासारखं आहे. दो-ह्यनला सांगायचं.

त्यांनी स्वतःचा जुना कोट मला दिला. सिनेमावाल्यांचा कोट म्हणजे रेनकोट, म्हणाले. खरा कोट भलताच जड आहे. पाठीवरची हवेची टाकी मात्र पोकळ प्लास्टिकची, ते एक बरं.

२१ नोव्हेंबर

सेट पाहिला. किंपोला माशांचं एक जुनं शीतगृह आहे, बंद पडलेलं. अजून वास आहे. एकही खिडकी नाही. आणि त्या अंधाऱ्या खोक्यात हे लोक बासष्टावा मजला बांधून बसलेत. झुंबरं, प्लायवुडचा संगमरवर, काचेपलीकडे कापडावर छापलेली सोलची रात्र. मी खिडकीशी उभा राहिलो तर खरोखर चक्कर आली. जमीन हाताच्या अंतरावर होती.

दो-ह्यन लहान मुलासारखा मला हात धरून फिरवत होता. निर्मिती व्यवस्थापक मिन सोबत. तो म्हणाला, या भिंतींत जाडजूड फोम भरलाय, आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरची थंडी आत येत नाही, हिवाळ्यात शूटिंगला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. गिलसाहेबांनी कलिंगड वाजवून बघतात तशी भिंत बोटाने वाजवली आणि कुठला फोम, म्हणून विचारलं.

मिन म्हणाला, "थंडगार."

सगळे हसलो. गिलसाहेबही हसले, पण जरा उशिरा.

३ डिसेंबर

पहिला आठवडा पार पडला. गॅसच्या नळ्यांतून ज्वाळा काढतात, चावी फिरवली की वर, चावी बंद की खाली. पाळीव आग. धूर मात्र यंत्राचा, गोडसर वासाचा.

आज माझा जवळून शॉट होता. सहकारी गेल्याचं कॅप्टनला वायरलेसवर कळतं. डोळ्यांत पाणी आणलं, आणि नेमका गोदामाचा धोक्याचा भोंगा वाजला. आमच्याच धुराने. पुन्हा डोळ्यांत पाणी, पुन्हा भोंगा. या वयात पाणी काय नळासारखं येतं का? जेवणानंतर मिनने एकाला शिडीवर चढवून तो भोंगा तोडून टाकला. मग शांतता. पहिल्याच झटक्यात शॉट मिळाला. दो-ह्यनने सगळ्यांसमोर मला मिठी मारली.

रंगभूषेची ही-जू रोज सकाळी माझ्या तोंडाला राख फासते. तिची खोली पार मागे, मागच्या दाराजवळ. पोरगी तोंडाची फटकळ आहे. म्हणाली, "सर, तुमच्या सुरकुत्यांमुळे माझं अर्धं काम वाचतं." मी म्हटलं, मग अर्धी राख घरी घेऊन जा. तिला स्वतःचं दुकान काढायचंय, नवऱ्यामुलींना नटवायचं. माझ्या तोंडावर सराव करतेय म्हणते.

१० डिसेंबर

माझा मोठा प्रसंग ठरला. कॅप्टन एका म्हाताऱ्या पाहुणीला पाठीवर घेऊन जळत्या दालनातून लांबलचक मार्गिकेतून धावतो. कट नाही, एका दमात. टाकी या प्रसंगात काढलेली.

पाहुणी म्हणजे ग्वाकबाई. अडुसष्ट वर्षांच्या, गर्दीत उभ्या राहणाऱ्यांपैकी एक. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबल्या, निवृत्त झाल्यावर हा उद्योग धरला. वजन चिमणीएवढं, पण पकड अशी की विचारू नका. गळ्याभोवती हात टाकून बोटांत बोटं अडकवतात आणि मग सुटतच नाहीत. सराव झाल्यावर मी म्हटलं, मावशी, कॅप्टनचा जीव शेवटच्या प्रसंगात जायचाय, आत्ताच नको. त्या म्हणाल्या, "मला पाडलंत तर माझा शेवटचा प्रसंग आधी होईल."

दुपारी डब्यातली मुळ्याची किमची मला दिली. ही-जू रोज सकाळी त्यांच्या कमरेला गरम पिशवी लावून देते म्हणे. या वयात हानबोकचा रेशमी पारंपरिक घोळदार पोशाख घालून दिवसभर पोराच्या पाठीवर बसायचं, म्हणाल्या. मला पोरगा म्हणाल्या. बरं वाटलं.

१५ डिसेंबर

सेटचे फोटो फुटले. कोणीतरी मागच्या दाराने बाहेर सिगारेट ओढायला जाताना काढले असणार. इंटरनेटवर लोक हसतायत, की झुंबरं लग्नाच्या हॉलमधली वाटतात. दो-ह्यनचं तोंड दिवसभर काळंठिक्कर.

संध्याकाळी मिनने फर्मान काढलं. सगळ्यांचे फोन सकाळी पुढच्या टेबलावर जमा करायचे. मागच्या दाराला बाहेरून साखळी आणि कुलूप, किल्ली त्याच्याकडे. ये-जा फक्त पुढच्या शटरने. ही-जू कुरकुरली, की तिला आता सगळं सामान गोदामभर फिरवून आणावं लागणार. मी म्हटलं, "तेवढाच व्यायाम, नवऱ्यामुलींच्या मागे पळायचंय ना." सगळे हसले.

गिलसाहेब हसले नाहीत. त्यांनी दो-ह्यनला बाजूला घेतलं. लांबून काही ऐकू आलं नाही. दो-ह्यन जमिनीकडे बघत मान हलवत होता, वडील रागावताना हलवतात तशी.

१८ डिसेंबर

गिलसाहेब तीन दिवस आले नाहीत. मिन म्हणतो त्यांची कंबर धरलीय. एवढं पोट म्हटल्यावर धरणारच. पेज पाठवायला हवी एकदा उन-सिलकडून.

त्यांच्याशिवाय काम भराभर होतं, हेही खरं. प्रत्येक ज्वाळेआधी ते सगळ्यांना उभं करून इथून असं, तिथून तसं, करत बसायचे.

२२ डिसेंबर

संध्याकाळी फोन परत मिळाला तर गिलसाहेबांचे दोन फोन येऊन गेलेले. मागे एकदा ते भाच्याला सिनेमात यायचंय असं म्हणाले होते. त्यासाठीच असणार. परत केला नाही. एकाला हो म्हटलं की दहा भाचे येतात.

आज दालनात उकडत होतं. बाहेर नदी गोठलीय आणि आत आम्ही कोटाखाली भिजलेले. गर्दीतल्या बायका खोकत होत्या. एकीच्या हानबोकवर वरून पिवळट, चिकट थेंब पडला. वर बघितलं तर सेटच्या छतावरच्या फटीतून गोदामाचं मूळ छत दिसत होतं, एका जागी तपकिरी झालेलं, करपलेल्या दुधासारखं. ग्वाकबाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नाकाने हुंगलं आणि म्हणाल्या, हा वास धुराचा नाही.

मी सजावटवाल्याला सांगितलं. त्याने त्या फटीवर काळं कापड ठोकलं. आता दिसत नाही.

२५ डिसेंबर

सुट्टी. उन-सिलला घेऊन हान नदीवर फिरून आलो. ती म्हणाली, अहो, तुमचे कपडे धुतले तरी वास जात नाही. मी म्हटलं, तो यशाचा वास आहे. ती म्हणाली, यशाने घसा बसतो वाटतं. कारण मी सारखा खाकरत होतो.

२८ डिसेंबर

दो-ह्यनने जेवणाच्या सुट्टीत मला गाडीत बोलावलं. काचा बंद केल्या. उद्या मोठा शॉट आहे, पाठीवरच्या धावण्याचा. आतापर्यंतच्या ज्वाळा पडद्यावर खोट्या दिसतात, म्हणाला. पैसे लावणाऱ्यांनी काल जमवलेला भाग बघितला आणि एकजण घड्याळ बघत होता. उद्या ज्वाळा छतापर्यंत हव्यात. एकदाच. पण तरुण नायकाचे लोक नाही म्हणतायत. मी तयार असेन तर गर्दीही तयार होईल, लोक माझ्याकडे बघून वागतात.

मी विचारलं, गिलसाहेबांना विचारलंस का.

तो म्हणाला, "दादा, मला एकच शॉट द्या. नाटकात मी तुमच्यासाठी पडदा ओढायचो, एकदाही चुकलो नाही."

तीन रात्री झोपला नाही म्हणे. नकार कसा द्यायचा? आणि खरं सांगायचं तर मलाही तो शॉट हवाय. छतापर्यंत ज्वाळा, आणि त्यातून धावत येणारा मी.

हो म्हटलं. बाहेर येऊन गर्दीतल्या लोकांना सांगितलं, मी आहे, काळजी करू नका. ग्वाकबाई म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणजे मी पाठीवर आहेच.

२ जानेवारी, इस्पितळ

घसा सुजलाय, बोलायची बंदी आहे. लिहायला हरकत नाही.

शॉट सुरू झाला. मावशी पाठीवर. ज्वाळा सोडल्या आणि त्या खरंच छताला लागल्या. सुंदर दिसत होतं. मी धावलो. अर्ध्या वाटेवर वरून पेटते थेंब पडायला लागले. मला वाटलं हे दो-ह्यनने वाढवलंय. मग दिवे गेले. मग काळा धूर आला, वरून खाली, पडदा पडतो तसा. कोणी 'कट' म्हटलं नाही. त्यावरून कळलं.

ओरडाआरडा मागच्या बाजूने होता. बरेच लोक मागच्या दाराकडे पळाले, कारण ते जवळ होतं.

मावशींना घेऊन मी शटरमधून बाहेर आलो. मधलं काही आठवत नाही. बाहेर बर्फ पडत होता. रुग्णवाहिकेवाल्याने त्यांची बोटं माझ्या गळ्यापासून एकेक करून सोडवली. त्याला ते बराच वेळ जमेना.

चौघं गेले. दोन दिवेवाले, गर्दीतली एक बाई, आणि ही-जू. चौघंही मागच्या दाराशी सापडले.

डॉक्टरांना नवल वाटतंय. इतक्या आगीतून आलो आणि घसा सोडला तर माझ्या पाठीवर साधा फोडही नाही. कोट चांगला होता.

४ जानेवारी

टीव्हीवर मी आहे. कॅमेरा पुढच्या शटरकडे लावलेला होता, तो चालूच राहिला. धुरातून कॅप्टनच्या वेषात मी येतो, पाठीवर म्हातारी. तेवढाच तुकडा सारखा दाखवतात. 'पडद्यावरचा कॅप्टन खराच कॅप्टन निघाला.' नर्सबाईंनी आपल्या मुलासाठी सही मागितली. खालच्या फुलवाल्याने फुलं फुकट पाठवली.

ग्वाकबाईंनीही पलंगावरून वार्ताहरांना सांगितलं, की कॅप्टननी मला बाहेर आणलं. बातमीत एवढंच वाक्य आहे. चेहरा नीट दिसत नाही, त्या पालथ्या झोपल्यात.

७ जानेवारी

घरी आलो. उन-सिल पेज घेऊन ग्वाकबाईंना भेटून आली. आल्यावर बराच वेळ भांडी घासत बसली, स्वच्छ भांडी.

मग म्हणाली, त्यांची पूर्ण पाठ भाजलीय. तुम्ही कोटाखाली होतात आणि कोटावर त्या होत्या. मी म्हटलं, ते तर आहेच, काय करणार. ती म्हणाली, त्यांच्या बोटांवर आणि मनगटांवर ओरखडे आहेत. नखांचे. भाजल्याचे नाहीत.

मी म्हटलं, पत्र्याने लागलं असेल, किंवा रुग्णवाहिकेवाल्याने.

ती म्हणाली, असेल. आणि दिवा बंद करून झोपली.

माझी नखं शूटिंगसाठी वाढवलेली होती. कॅप्टनला नखं कापायला वेळ नसतो, असं मीच सुचवलं होतं. आज कापली.

१० जानेवारी

दो-ह्यन घरी आला. दोन्ही पंजे बँडेजमध्ये, बोटंही दिसत नाहीत. उन-सिलने त्याला चहा चमच्याने पाजला. ही-जूचं नाव निघालं तेव्हा तो टेबलावर डोकं टेकवून रडला.

मग बोलला. कंपनी सिनेमा पूर्ण करणार. गेलेल्यांच्या स्मरणार्थ. शेवट आता वेगळा, माझ्या त्या खऱ्या तुकड्याने होणार. पोस्टरवर फक्त मी. टीव्हीवाले मुलाखतीला थांबलेत. सगळं जुळतंय, फक्त पोलीस मागच्या दाराबद्दल विचारणार आहेत. मिन म्हणतोय, साखळी नुसती लटकवलेली होती, कुलूप नव्हतं. लोक घाबरले म्हणून उघडता आलं नाही. साखळी वितळलेल्या फोमखाली गेलीय, कोणाला सांगता येणार नाही. तुम्हीही तसंच सांगा, दादा. तुमच्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही.

मी विचारलं, "मग तुझे हात कशाने भाजले?"

तो बँडेजकडे बघत राहिला. जाताना त्याला बूट घालता येईनात. उन-सिलने वाकून घातले.

मला दुसरं आयुष्य मिळतंय, हे लिहायला लाज वाटते, पण आज पोस्टरचा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

१४ जानेवारी

ग्वाकबाईंना भेटलो. त्या पालथ्या. चेहरा बघायचा तर मला जमिनीवर बसावं लागलं.

मी सफरचंदं आणली होती. सोलत बसलो. मोकळे हात कुठे ठेवायचे कळेना.

त्या म्हणाल्या, "कॅप्टन, तुम्ही माझी बोटं उचकटत होतात."

"मावशी, मला काही आठवत नाही."

"मला आठवतंय ना. एकाला आठवलं तरी पुरे."

मग हळूहळू बोलत राहिल्या, मध्ये दम खात. मला दोष देत नाहीत, म्हणाल्या. माझ्या जागी त्या असत्या तर चावल्या असत्या. आयुष्यभर भाताची मोठी पातेली धरून धरून त्यांची बोटं अशी झालीत, एकदा धरलं की सुटत नाही. मी झटापट केली पण थांबलो नाही, धावत राहिलो. पाय माझेच होते. म्हणून वार्ताहरांना जे सांगितलं ते खोटं नाही आणि त्या ते मागे घेणार नाहीत.

"पण त्या पोरीचं काय? माझ्या कमरेला रोज गरम पिशवी लावायची. कुलूप मीही पाहिलंय. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी भ्रमात बोलते. सध्या सगळे तुमचं ऐकतायत. ऐकतायत तोवर सांगून टाका."

मी म्हटलं, दो-ह्यन माझ्या भावासारखा आहे.

त्या म्हणाल्या, "तिलाही भाऊ आहे. बाहेर बाकावर असतो रोज. मला विचारायला येतो, ती शेवटी काय म्हणाली. मी तर दुसऱ्या टोकाला होते, काय सांगू?"

बाहेर पडताना बाकावर एक माणूस होता. माझ्याकडे बघून उठला आणि कमरेत वाकला. खूप खाली वाकला. मी पण वाकलो आणि जिन्याने उतरलो, लिफ्टची वाट न बघता.

१७ जानेवारी

गिलसाहेबांना फोन केला. त्यांनी लगेच उचलला. मी आधी कंबर कशी आहे विचारलं. ते म्हणाले, कंबरेला काय झालंय? त्यांना काढून टाकलं होतं. साखळीवरून दो-ह्यनशी वाद झाला त्याच संध्याकाळी. मला दोनदा फोन केला होता, कारण लोक माझ्याकडे बघून वागतात असं त्यांना वाटलं.

मी विचारलं, मग पोलिसांना तेव्हाच का नाही कळवलं. म्हणाले, "कळवायचं होतं. दो-ह्यन म्हणाला सिनेमा बंद पडेल, इतक्या लोकांचं पोट जाईल. म्हटलं, अजून थोडेच दिवस उरलेत." मग त्यांचा आवाज फुटला आणि त्यांच्या बायकोने फोन घेतला.

मुलाखतवाल्यांना कळवलं, येत नाही.

२० जानेवारी

पोलीस ठाण्यात गेलो. उन-सिलने दुकान बंद ठेवलं आणि सोबत आली. ती बाहेर बसली.

जबाब घेणारा अधिकारी तरुण होता. मला बघून उभा राहिला. म्हणाला, माझी आई तुमचा तो धुरातला तुकडा बघून रडली, काम संपल्यावर एक फोटो काढू या, तिला पाठवतो. मी बरं म्हटलं. त्याने कॉफी आणून दिली.

साखळीचं सांगितलं. कुलूप कोणी लावलं, किल्ली कोणाकडे होती, ही-जू काय म्हणाली आणि मी काय म्हणालो. भोंगा तोडल्याचं सांगितलं. छत तपकिरी झाल्याचं, त्यावर ठोकलेल्या कापडाचं. गाडीत दो-ह्यनने विचारलं आणि मी हो म्हटलं, तेही. तो भराभर टंकत होता.

शेवटी त्याने विचारलं, आग लागल्यावर ग्वाकबाईंना तुम्ही कसं वाचवलंत, ते क्रमाने सांगा. हे सांगायचं मी ठरवलं नव्हतं. मावशींनीही सांगू नका असंच म्हटल्यासारखं होतं. पण त्याचा चेहरा इतका उत्सुक होता, की आतापर्यंत सांगितलेलं सगळंच मला खोटं वाटायला लागलं.

मी म्हटलं, "त्या आधीपासूनच पाठीवर होत्या. शॉट चालू होता म्हणून. मी त्यांना वाचवत नव्हतो. त्यांची बोटं माझ्या गळ्यावरून सोडवत होतो. सुटली नाहीत."

त्याची बोटं थांबली. मग म्हणाला, हे लिहू का. मी म्हटलं, लिहा.

त्याने कागद छापले, मी सह्या केल्या. तो दारापर्यंत सोडायला आला. फोटोचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

उन-सिल बाकावर होती. "सगळं?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. तिने माझा मफलर नीट केला, जरा घट्टच, आणि आम्ही बसथांब्याकडे निघालो.

थांब्यावर दो-ह्यनचा फोन आला. मला उचलवेना. उन-सिल म्हणाली, उचला. पलीकडे श्वासाचा आवाज. कोणीतरी फोन त्याच्या कानाशी धरला असणार, त्याला धरता येत नाही.

मी म्हटलं, मी कुलपाचं सांगून आलो.

बस आली आणि गेली. मला वाटलं त्याने ठेवला.

मग तो म्हणाला, "लाल झाली होती, दादा, साखळी. तरी ओढली मी. पलीकडून ही-जू माझं नाव घेत होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्याने विचारलं,

"पोलीस ठाण्यात जबाब सकाळी किती वाजता घेतात?"

"नऊ वाजता."

"मी गेलो तर तुम्ही बाहेर थांबाल?"

थांबतो म्हटलं.